आजार कोणाचा, गोळी कोणाला? येरवड्यात ‘हिंद स्वराज्य’ वाचताना

(येरवडा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज आपण एका छोट्या पुस्तकातलं एक छोटं प्रकरण वाचणार आहोत. पुस्तक गांधीजींचं, ‘हिंद स्वराज्य’. प्रकरण डॉक्टरांवरचं. आता हे वाचायला येरवड्यातच कशाला जमायचं, असं कोणी विचारेल. त्याला कारण आहे. या प्रकरणात जे लिहिलंय त्याची परीक्षा लिहिणाऱ्यालाच द्यावी लागली, एकदा नाही, दोनदा. पहिली १९२४ साली, इथल्या तुरुंगात असताना. दुसरी १९४४ साली, नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये. ही दोन्ही ठिकाणं आपण बसमधून, रिक्षातून जाता-येता पाहतो आणि पुढे जातो.

आपला विषय आहे आधुनिक जगण्यातून आणि आधुनिक वैद्यकातून होणारं, पण कोणाच्या मनात नसलेलं नुकसान. ‘कोणाच्या मनात नसलेलं’ हे शब्द लक्षात ठेवा. बनावट औषध विकणारा गुन्हेगारच असतो, त्याच्यासाठी कायदा आहे. आपण बोलतोय ते वेगळ्या नुकसानाबद्दल. डॉक्टर चांगला, औषध चांगलं, नातेवाईक काळजी करणारे, आणि तरीही शेवटी माणूस होता त्याहून वाईट अवस्थेत. असं का होतं?

आधी पुस्तकाकडे येऊ. १९०९ च्या नोव्हेंबरात गांधीजी लंडनहून दक्षिण आफ्रिकेला बोटीने निघाले होते. त्या प्रवासात, साधारण दहा दिवसांत, त्यांनी हे पुस्तक गुजरातीत लिहून काढलं. उजवा हात दुखला की डाव्या हाताने लिहायचे. वाचक आणि संपादक यांच्यातला हा संवाद आहे. वाचक तावातावाने विचारतो, संपादक शांतपणे उत्तर देतो. मुंबई सरकारने १९१० मध्ये पुस्तकावर बंदी घातली. रेल्वे, वकील आणि डॉक्टर या तिघांवर त्यात एकेक प्रकरण आहे, आणि तिघांवरही सपाटून टीका आहे. रेल्वेमुळे प्लेगचे जंतू गावोगाव पोचले, असं त्यात म्हटलंय. पुण्याने १८९७ चा प्लेग पाहिलेला आहे. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई त्याच साथीत गेल्या. तेव्हा हे वाक्य आपल्याला तरी अगदीच हवेतलं वाटायला नको.

डॉक्टरांबद्दलचा मुद्दा थोडक्यात असा. समजा, आम्ही जास्त जेवलो. अपचन झालं. डॉक्टरकडे गेलो, त्याने गोळी दिली, बरं वाटलं. मग आम्ही काय केलं? पुन्हा जास्त जेवलो आणि पुन्हा गोळी घेतली. गोळी नसती तर पोटदुखी सोसावी लागली असती, आणि पुढच्या वेळी हात आखडला असता. म्हणजे डॉक्टरने आमचं पोट बरं केलं, पण आमचा स्वतःवरचा ताबा घालवला. शिवाय हा धंदा सेवेपेक्षा मानासाठी आणि पैशासाठी जास्त केला जातो, असंही ते म्हणतात. लिहिणारा माणूस एके काळी स्वतः डॉक्टर व्हायची इच्छा बाळगून होता, हे तोच त्या प्रकरणात सांगतो.

हे वाचून हसू येतं खरं. पण जरा आजूबाजूला पाहा. येरवड्यात, कल्याणीनगरात, विमाननगरात आयटी पार्क उभे राहिले. तिथे रात्रपाळी आहे. रात्री अकराला जेवण, तीनला कॉफी, पहाटे पिझ्झा, सकाळी झोप. सहा महिन्यांत पित्त खवळतं. मग ॲसिडिटीची गोळी. ती खरोखर चांगली गोळी आहे, ॲसिड कमी करते. पण दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी पाच-पाच वर्षं चालू असलेली माणसं आपल्या ओळखीत आहेत. विचारलं तर म्हणतात, गोळी बंद केली की काम करता येत नाही. नीट ऐका, गोळी पोटासाठी चालू नाहीये. ती रात्रपाळीसाठी चालू आहे.

म्हणजे १९०९ मध्ये बोटीवर बसून लिहिलेली यंत्रणा जशीच्या तशी चालू आहे. इलाजाने त्रास झाकला जातो, त्रास झाकला की कारण जगतं, आणि कारण जगलं की इलाज कायमचा होतो. या प्रकरणातला हा भाग आम्हाला शंभर टक्के खरा वाटतो.

आता परीक्षेकडे वळू.

मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात आणलं गेलं. जानेवारी १९२४ मध्ये पोटात असह्य दुखायला लागलं. निदान झालं अपेंडिसायटिसचं. नदीपलीकडे ससून रुग्णालयात हलवलं. कर्नल मॅडॉक हे तिथले सिव्हिल सर्जन. मुंबईचे ओळखीचे डॉक्टर वेळेत पोचण्याची शक्यता नव्हती, आणि थांबणं धोक्याचं होतं. श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं गेलं. त्यांच्यासमोर गांधीजींनी निवेदन लिहवून घेतलं की सर्जनवर आपला विश्वास आहे, शस्त्रक्रियेला आपली संमती आहे. त्यावर थरथरत्या हाताने सही केली. १२ जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया सुरू झाली, आणि मध्येच वादळी पावसाने वीज गेली. टॉर्च लावला, तोही बंद पडला. शेवटी कंदिलाच्या उजेडात मॅडॉक यांनी काम पुरं केलं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली.

इस्पितळांवर इतकी कडक टीका करणारा माणूस इस्पितळामुळे वाचला. लोकांनी विचारलंच, की आता ‘हिंद स्वराज्य’चं काय? गांधीजींनी सारवासारव केली नाही. शरीराची ओढ सुटलेली नव्हती, जगायची इच्छा होती, म्हणून शस्त्रक्रियेला तयार झालो आणि ती आपली दुर्बलता होती, अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली. त्याआधी १९२१ मध्येच त्यांनी लिहून ठेवलं होतं की रेल्वे आणि इस्पितळं मोडून टाकायला आपण निघालेलो नाही.

इथे आमचं त्यांच्याशी पहिलं भांडण आहे. जगावंसं वाटणं ही दुर्बलता कशी? आणि अपेंडिक्स सुजतं ते काही कोणी जास्त जेवल्याची शिक्षा म्हणून नव्हे. गांधीजींइतका मोजून-मापून जेवणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. तरी त्यांचं अपेंडिक्स सुजलं. अपचनाचं उदाहरण इथे लागूच पडत नाही. सगळे आजार म्हणजे चुकीच्या वागण्याचं फळ, हे मानलं की आजारी माणूस आपोआप आरोपी ठरतो. देवीच्या लशीलाही गांधीजींचा विरोध होता. आज देवीचे व्रण फक्त म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर दिसतात, कारण १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी झाला नाही. ही लशीची आणि घरोघर फिरलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची कमाई आहे. मनाच्या संयमाने देवी गेल्या नसत्या. वैद्यकाच्या तोट्यांबद्दल बोलायचं तर हे आधी मान्य करून बोलायला हवं, नाहीतर आपलं बोलणं लबाडीचं होईल.

दुसरी परीक्षा जास्त अवघड होती. ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी, कस्तुरबा आणि बाकीची मंडळी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होती. पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई तिथे गेले. पुढे कस्तुरबांचं दुखणं बळावलं. हृदय कमजोर, छाती भरलेली, मूत्रपिंडं थकलेली. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर हे कैदेतच सोबत होते. लाहोरचे वैद्य शिव शर्मा आले, पण त्यांना रात्री आत राहायची परवानगी नव्हती, म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपले. शेवटच्या दिवसांत पेनिसिलीन आलं. कलकत्त्याहून विमानाने. त्या काळात हे औषध अगदी नवं आणि दुर्मीळ होतं. मुलगा देवदास म्हणाला, देऊ या. गांधीजींनी चौकशी केली, तेव्हा कळलं की दर काही तासांनी सुई टोचावी लागणार. ते नको म्हणाले. आता तिला छळू नकोस, देवाच्या हाती सोपव, असा त्यांचा सूर होता. देवदासने ऐकलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच गांधीजींना मलेरिया झाला आणि त्यांनी क्विनाइन घेतलं. टीकाकार ही दोन औषधं शेजारी शेजारी ठेवतात आणि गांधीजींना ढोंगी ठरवून मोकळे होतात.

आम्हाला तो आरोप सोपा वाटतो. मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या बाईला पेनिसिलीनने जगवलं असतं, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आज अतिदक्षता विभागात नळ्यांच्या जंजाळात, घरच्यांपासून तुटलेली, शेवटचे आठ दिवस काढणारी माणसं आपण पाहतो, तेव्हा ‘आता पुरे’ म्हणणारं कोणीतरी हवं होतं असं वाटतंच. तो शब्द म्हणायला धैर्य लागतं. म्हणजे सुई नाकारली यावर आमचा आक्षेप नाही. आमचा आक्षेप असा, की ही हकीकत जशी सांगितली जाते तिच्यात बोलणारे दोघं आहेत, नवरा आणि मुलगा. जिच्या दंडात सुई जाणार होती तिचं वाक्य त्यात नाही. ससूनमध्ये कैदी असलेल्या माणसाची सही घेतली गेली, साक्षीदार बोलावला गेला. आगाखान पॅलेसमध्ये निर्णय बापलेकांत झाला. दोन्ही घटनांमध्ये वीस वर्षांचं अंतर आहे, आणि आमच्या मते खरा फरकही इथेच आहे. अंग कोणाचं आणि निर्णय कोणाचा?

हा प्रश्न हातात घेऊन आता थोडं पुढे येऊ. इव्हान इलिच नावाचे विचारवंत होते. व्हिएन्नात जन्मले, पुढे मेक्सिकोत राहून काम केलं. १९७५ मध्ये त्यांनी वैद्यकावर एक पुस्तक लिहिलं, ‘मेडिकल नेमेसिस’. उपचारातून होणाऱ्या नुकसानाचे त्यांनी तीन थर सांगितले. पहिला शरीराचा: औषधाचा, शस्त्रक्रियेचा थेट अपाय. दुसरा समाजाचा: जगण्याच्या प्रत्येक अडचणीला आजार ठरवून माणसांना कायमचं ग्राहक करणं. तिसरा संस्कृतीचा: दुखणं, म्हातारपण, मरण सोसण्याची जी शहाणीव समाजाकडे होती ती नाहीशी होणं. हेच इलिच १९७८ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, सेवाग्रामला आले, बापूंच्या कुटीत बसले, आणि त्या कुटीवर बोलले. म्हणजे बोटीवर लिहिलेलं ते प्रकरण फिरून पुन्हा वर्ध्याला आलं.

पहिला थर आम्ही घरात पाहिलाय. घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. महिन्याभरात पाय सुजले. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सूज उतरवायला लघवीची गोळी दिली. मग रात्री चार-चार वेळा उठणं. एका रात्री चक्कर आली, न्हाणीघरात पडणं झालं, खुब्याचं हाड मोडलं. यात कोणाचं चुकलं? पहिल्या गोळीने रक्तदाब उतरला होता. दुसऱ्या गोळीने सूज उतरली होती. शेवटी आमच्या ओळखीच्या एका वयस्क डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडली आणि एवढंच विचारलं, ‘यातली पहिली कुठली सुरू झाली?’ पाय सुजणं हा पहिल्या गोळीचाच माहितीतला परिणाम होता. त्यांनी ती बदलली. सूज गेली, लघवीची गोळी गेली. पण खुबा गेला तो गेलाच.

पेनिसिलीनचंही तेच. ते शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच सावध केलं होतं की कमी मात्रेत औषध घेतलं तर जंतू मरणार नाहीत, उलट निबर होतील. आपण काय केलं? सर्दीला अँटिबायोटिक, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला. क्षयरोगाचं पाहा. १९९१ मध्ये धारावीतल्या खासगी डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. शंभरेक डॉक्टरांनी एकाच आजारावर औषधांच्या ऐंशी वेगवेगळ्या जोडण्या लिहून दिल्या होत्या. आणि २०१२ च्या सुमारास त्याच मुंबईतून जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाची बातमी जगभर गेली. अर्धवट औषध एकाने घ्यायचं आणि निबर जंतू लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्याने न्यायचा. गांधीजींच्या उदाहरणात चूक ज्याची, पोट त्याचंच होतं. इथे हिशेब मोडतो.

आणि सगळ्यात जास्त मोडतो तो बीडमध्ये.

बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडाजवळच्या पालावर ना न्हाणीघर ना संडास, पाणी लांबून आणायचं. अशा ठिकाणी पाळीचे चार दिवस काढायचे, पहाटे तीनला उठून मोळ्या उचलायच्या. अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं. बाई डॉक्टरकडे जाते. तिला सांगितलं जातं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तीही विचार करते, दोन मुलं झालीत, खाडे तरी वाचतील. आणि पिशवी काढली जाते. २०१९ मध्ये यावर ओरड झाली, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली होती. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. अकाली पाळी थांबली, विशेषतः बीजांडंही काढली गेली, की हाडं ठिसूळ होतात, अंग दुखतं, गरम वाफा येतात, आणि कोयता तर हातात असतोच.

आता ‘हिंद स्वराज्य’चं प्रकरण बीडमध्ये बसून वाचा. इलाजाने त्रास झाकला आणि कारण जगलं, हे अक्षरशः खरं आहे. पिशवी काढल्यामुळे उचल टिकली, दंड टिकला, पाणी नसलेला पाल टिकला, साखर वेळेवर गाळली गेली. पण ‘स्वतःवरचा ताबा सुटला म्हणून आजार आला’, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगणार? जास्त खाल्लं कोणी आणि पोट कोणाचं फाडलं?

गांधीजींनी यंत्रणा बरोबर ओळखली, पण बिल चुकीच्या पत्त्यावर पाठवलं, असं आमचं म्हणणं आहे. त्यांना रोगी आणि डॉक्टर असे दोघंच दिसले. तिसरा दिसला नाही, म्हणजे ज्याच्या सोयीसाठी रोग्याला लवकर उभं करायचं असतं तो. रात्रपाळीच्या गोळीमागे तो आहे, उसाच्या फडावर तो आहे. अनेकदा डॉक्टरच्या मागेही तो उभा असतो. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेतर्फे डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून त्यांची कैफियत मांडली. रोगी पाठवल्याबद्दल दिला जाणारा ‘कट’, मोठ्या रुग्णालयांतली ठरवून दिलेली उद्दिष्टं, हे सगळं डॉक्टरांनीच सांगितलंय. प्रामाणिक राहू पाहणारा डॉक्टर तिथे एकटा पडतो. त्याला पापी म्हणून काय हाती लागणार?

कोणी विचारेल, मग करायचं काय? औषधं सोडायची? मुळीच नाही. अपेंडिक्स फुटायला आलं तर वैचारिक भूमिका घरी ठेवून ससून गाठायचं, गांधीजींनीही तेच केलं. पण दर वेळी तीन गोष्टी विचारायला शिकू या, डॉक्टरांना आणि स्वतःलाही. ही गोळी माझ्या आजारासाठी आहे की मला पुन्हा त्याच घाण्याला जुंपण्यासाठी? ही सुरू करताना बंद कधी करायची हे ठरलंय का? आणि ज्याच्या अंगावर हे होणार आहे त्याला, तिला, कोणी नीट बसून, तिच्या भाषेत विचारलंय का? डॉक्टर मंडळींना आमची विनंती आहे की या प्रश्नांना उद्धटपणा समजू नका. मॅडॉक साहेबांच्या हाताखाली एक कैदी होता, सरकारचा शत्रू. तरी त्याला विचारलं गेलं, थांबलं गेलं, साक्षीदार आणला गेला. स्वतंत्र देशातल्या ऊसतोड बाईला निदान तेवढं तरी मिळायला हवं.

जाताना कोणाला सवड असेल तर आगाखान पॅलेसच्या मागच्या बागेत जाऊन या. तिथे महादेवभाईंची आणि कस्तुरबांची समाधी शेजारी शेजारी आहे. कस्तुरबांच्या समाधीपुढे उभं राहिलं की आम्हाला दर वेळी वाटतं, त्या रात्री त्यांना कोणी विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? कदाचित ‘नको’च म्हणाल्या असत्या. पण तो नकार त्यांचा असता.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.